नरक्याची मोळी आणि आत्याची सलाईन

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला निघालो होतो, तेवढ्यात जांबोटीकडनं आलेल्या बसमधून आत्याचे दीर उतरले. खांद्यावर सुतळीनं बांधलेली लाकडाची मोळी, हातभर लांबीचे तुकडे, साल काढलेले. सरळ दुकानात आले, मोळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "नरक्या हाय बघ. वैनीला काढा करून दे ह्याचा. भाईरदेशात ह्याच्यातनंच कॅन्सरचं औषध काढत्यात म्हणं. कशाला ते केमो न् फिमो, म्हातारीला नुसता तरास."

मला पटकन काही बोलताच येईना. कारण काका खोटं बोलत नव्हते. अर्धं खरं होतं ते, आणि त्या अर्ध्या खऱ्याचीच मला भीती वाटली.

थोडं मागचं सांगतो. बेळगावजवळच्या खानापुरात माझं मेडिकल आहे, बरीच वर्षं झाली. आत्या वरच्या अंगाला घाटाजवळच्या गावात राहते, वय ६८, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, सापडला तेव्हा लिव्हरपर्यंत गेलेला. दर १४ दिवसांनी बेळगावला न्यायचं, आदल्या दिवशी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी बऱ्या असल्या तर डे केअरमध्ये बेड, मग तासन् तास सलाईन आणि शेवटी ४६ तासांचा पंप कमरेला बांधून घरी. नर्स सगळ्या कानडी बोलणाऱ्या, "नोवु ऐतेनु अज्जी?" म्हणजे दुखतंय का आजी, असं विचारतात, आत्या मराठीत "नाही गं बाय" म्हणते, दोघींचं एकमेकींवाचून काही अडत नाही. तर त्या सलाईनमध्ये जी औषधं जातात त्यातलं एक इरिनोटेकान. आणि इरिनोटेकान बनतं कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून, आणि हे कॅम्प्टोथेसिन आपल्या घाटातल्या नरक्यात असतं. म्हणजे काउंटरवर पडलेली मोळी आणि आत्याच्या हातात टोचलेली नळी, दोघांचं नातं आहे. काकांना ते कुणीतरी सांगितलं होतं, फक्त मधला पन्नास वर्षांचा रस्ता सांगितला नव्हता. तो रस्ता मी त्या दिवशी त्यांना बसवून सांगितला, जेवण तीन वाजता झालं. तेच इथं लिहून ठेवतो, कारण असे काका प्रत्येक घरात आहेत आणि ते वाईट नसतात, त्यांचा जीव तुटत असतो.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा सापडलं ते एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेत. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी ते वेगळं काढलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, १९२५ चा जन्म, मुंबईत शिकले आणि मग तिकडं गेले. याच जोडीनं पुढं १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना मांडली, म्हणजे आज ज्याला आपण पॅक्लिटॅक्सेल म्हणतो ते, स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरला जगभर देतात ते. एका माणसाच्या हातून दोन दोन औषधं! आपल्या शाळेत हे नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या नरक्यात पण तेच द्रव्य आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, आणि त्यानंतर सह्याद्रीतल्या या झाडाच्या मागं जग लागलं. नरक्या फुलला की घाण वास मारतो, म्हणून कुणी घाणेरा पण म्हणतं. सिंधुदुर्ग-कोल्हापूर बाजूला नरक्याच्या तस्करीच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच, टेम्पोच्या टेम्पो धरतात.

आता अडचण कुठं आली बघा. कॅम्प्टोथेसिन कॅन्सरच्या पेशीला मारतं यात शंका नाही. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो, ते काम करणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच हे जाऊन धरतं, मग डीएनए तुटतो आणि पेशी मरते. पण हे द्रव्य पाण्यात विरघळतच नाही. आणि रक्त म्हणजे बहुतेक पाणीच की. शिरेतून द्यायचं कसं? मग त्याचं सोडियम सॉल्ट करून विरघळवलं आणि अमेरिकेत पेशंटना देऊन बघितलं. तर सॉल्ट झालं की त्या रेणूतली एक कडी उघडते आणि औषध जवळजवळ निकामी होतं. आणि हेच उघडलेलं औषध लघवीत उतरलं की तिथल्या आंबटपणामुळं कडी परत मिटते, औषध परत जिवंत होतं, ते पण मूत्राशयात! पेशंटच्या लघवीतून रक्त जायला लागलं. १९७२ च्या सुमारास त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, अमेरिकेतल्या डॉक्टरांना मापून, शुद्ध करून, शिरेतून देताना जे जमलं नाही ते आपण चुलीवर पातेल्यात कसं जमवायचं? ह्या लाकडात किती आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. कमी असलं तर उपयोग नाही, जास्त असलं तर आत्याच्या पांढऱ्या पेशी आणखी खाली जातील. तिच्या अंगात आधीच त्याच घराण्यातलं औषध मोजून चाललंय." ते गप्प बसले. मग म्हणाले, "मग हे इरघळवलं कसं त्येंनी?"

हा प्रश्न मला फार आवडला. सगळी गोष्ट इथंच आहे.

एक वाट अशी की रेणूलाच पाण्यात विरघळणारी शेपटी जोडायची. इरिनोटेकान म्हणजे तेच, शेपटी लावलेलं. लिव्हरमध्ये गेलं की शेपटी कापली जाते आणि खरं औषध मोकळं होतं. १९९६ ला अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, त्याच वर्षी त्याच घराण्यातल्या टोपोटेकानला पण. आत्याला हेच चाललंय. चांगलं औषध आहे, पण अंगभर फिरतं, म्हणून जुलाब. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर आत्याला जे जुलाब लागले ते मी बघितलेत, तांब्या घेऊन परसात जाताना भिंत धरत होती बिचारी, रात्री साडेअकराला जुलाब थांबवायचं लोपेरामाइड आणि ओआरएस घेऊन गाडी काढून गेलो होतो.

दुसरी वाट म्हणजे औषधाला हात न लावता त्याच्यासाठी गाडी बनवायची. आणि ही गाडी कुणी बसून नटबोल्ट लावून बनवत नाही, ती स्वतःच स्वतः जुळून येते. इंग्रजीत ज्याला सेल्फ-असेंब्ली म्हणतात ते हे. ऐकायला जादू वाटतं पण आपल्या घरात रोज चाललेलं असतं.

कुंद्याचंच घ्या. बेळगावचा माणूस कुंद्याशिवाय दुसरं काय उदाहरण देणार! आमच्या घरी बायको कुंदा करते तेव्हा मी मुद्दाम शेगडीजवळ उभा राहतो. दूध आटत असतं, पांढरं, एकजीव, चमच्यातनं सरळ धार पडते. मग ती दही घालते, वाटीभर, ढवळत. आधी काहीच होत नाही. मग कडेला बारीक कण दिसतात, मग सगळीकडं, आणि बघता बघता दूध फुटतं, कण वेगळे आणि पाणी वेगळं, हिरवट-पिवळं. आता हे कण आले कुठनं? ते आधीपासून होतेच. दुधात केसिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, हजारोंनी एकत्र येऊन बारीक गोळ्या करतात, साधारण दीडशे नॅनोमीटरच्या. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत अशा पाचशे गोळ्या ओळीनं बसतील. दूध पांढरं दिसतं त्यात या गोळ्यांचा मोठा वाटा. गाईच्या कासेत कुणी त्या बनवायला बसलेलं नाही, त्या जुळून आल्या. आणि प्रत्येक गोळीच्या अंगावर प्रोटीनचीच बारीक लव असते, त्या लवेमुळं गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. दह्याचा आंबटपणा आला की लव झोपते, गोळ्या एकमेकींत मिसळतात, दूध फुटतं.

मी काकांना म्हटलं, कॅन्सरच्या औषधाची गाडी म्हणजे थोडक्यात हेच. ज्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून आणि दुसरं टोक पाण्यापासून पळणारं, असे रेणू पाण्यात टाकले की पळणारी टोकं आत तोंड करून लपतात आणि पाण्याची टोकं बाहेर राहतात. तेलकट तव्यावर साबण लावला की तेल साबणाच्या पोटात जाऊन निघून जातं, तसंच. त्या पोटात तेलाऐवजी औषध बसवायचं. जे औषध पाण्याला घाबरतं ते तर आत जाऊन बसायलाच बघतं.

चरबीच्या रेणूंचे असे पापुद्र्यांचे फुगे पाण्यात आपोआप होतात हे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवलं, कांद्यासारखे एकात एक पापुद्रे. त्यांना लायपोसोम म्हणतात. मग त्याचं औषध व्हायला तीस वर्षं गेली. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलला परवानगी मिळाली, नॅनो म्हणता येईल असं कॅन्सरचं पहिलं औषध. जेरुसलेममधल्या बॅरेनहोल्झ आणि गॅबिझोन यांचं काम. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध, पेशंटला पण माहीत असतं, "लाल बाटली लावली आज" म्हणतात. ते हृदयाला त्रास देतं. यांनी काय केलं, आधी शंभर नॅनोमीटरच्या आतले रिकामे फुगे केले, आत अमोनियम सल्फेट ठेवलं, मग बाहेरून औषध सोडलं. औषध आत शिरतं आणि आतल्या सल्फेटमुळं तिथंच त्याचे स्फटिक होतात, परत बाहेर येता येत नाही. फुग्याच्या अंगावर पीईजी नावाच्या पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंची लव, दुधातल्या गोळीसारखीच, म्हणजे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी लगेच ओळखत नाहीत. हृदयाचा त्रास खूप कमी झाला. त्याऐवजी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात काही जणांचे, असं फुकट काही मिळत नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी आपल्या सन फार्माचं लायपोडॉक्स मागवलं, आणि २०१३ ला त्याच कंपनीच्या जेनेरिकला मंजुरी दिली. इथल्या इथं बनतंय हे सगळं, एवढं सांगायचं होतं.

या गाड्या नाजूक किती असतात ते मला एकदा चांगलंच कळलं. एका पेशंटसाठी लायपोसोममधल्या या लाल औषधाच्या दोन वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, मागवल्या होत्या. २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गोठवू नका असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पार्सल आलं थर्माकोलच्या डब्यात, उघडतोय तर बर्फाचे पॅक वायलला अगदी चिकटून ठेवलेले, मधे कागदसुद्धा नाही, आणि एक वायल हातात घेतली तर आतलं औषध हलेचना. घट्ट. लाल बर्फ. मी कितीतरी वेळ ती उजेडात धरून बघत होतो. जे स्वतःहून जुळून आलंय ते पाण्याच्या भरवशावर उभं असतं, पाण्याचाच बर्फ झाला की पापुद्रे फाटू शकतात, आणि वितळल्यावर वरून सगळं सारखंच लाल दिसणार, मला कळणार कसं? परत केली. स्टॉकिस्टकडून दुसरी यायला चार दिवस लागले आणि त्या बाईंची तारीख पुढं गेली. मुलगा काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. पार्सल बांधणाऱ्या पोराला कुणी सांगितलंच नसेल की आत काय आहे. तेव्हापासून मी ऑर्डर देताना दर वेळी फोनवर सांगतो, पॅक आणि खोक्याच्या मधे पुठ्ठा घाला.

परत मुद्द्यावर येतो. एवढ्या बारीक गाडीचा फायदा काय? १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की ट्यूमर आपल्यासाठी ज्या रक्तवाहिन्या बनवतो त्या गळक्या असतात. पावसाच्या तोंडावर घाईघाईत घातलेला बांध कसा असतो, ढेकळं टाकलीत, मधे फटी. चांगल्या रक्तवाहिनीतनं शंभर नॅनोमीटरची गोळी सहसा बाहेर पडत नाही, ट्यूमरच्या फटीतनं पडते, आणि तिथला निचरा पण बिघडलेला असतो म्हणून साचून राहते. हे ऐकून सगळं जग खूश झालं. मग २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशेब काढला, तर सगळे आकडे ओळीनं लावून मधला धरला, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी ०.७ टक्का ट्यूमरपर्यंत पोचतात. शंभरातला एक पण नाही. बाकीचे बहुतेक लिव्हर आणि प्लीहा गिळून टाकतात. आणि हे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे; उंदरात ट्यूमर भराभर वाढतो, फटी मोठ्या असतात, माणसात तसं नसतं, हे पण आहे.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो. कारण आमच्या ग्रुपवर दर महिन्याला एक फॉरवर्ड येतो, नॅनो औषध आलं, कॅन्सर आता सर्दीसारखा, केमो बंद करा. आणि खाली कुठल्यातरी नॅनो कॅप्सूलचा फोन नंबर. लोक दुकानात येऊन विचारतात. कृपा करून एक लक्षात ठेवा, मी वर सांगितली ती सगळी खरी नॅनो औषधं शिरेतनं देतात, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हाताखाली देतात, आणि ती केमोच आहे, केमोच्या ऐवजी नाही. कुरिअरनं येणाऱ्या कॅप्सूलसाठी चालू उपचार सोडलेली माणसं मी बघितलीत, त्यांच्याबद्दल इथं लिहवत नाही.

नरक्याच्या घराण्याचं पुढं काय झालं ते राहिलं. २०१५ मध्ये इरिनोटेकानचंच लायपोसोम आलं, ओनिवाइड नावानं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरला. एका फुग्यात जवळपास ८०,००० रेणू भरलेले. आधीच्या केमोनंतर कॅन्सर पुन्हा वाढलेल्या पेशंटमध्ये हे दुसऱ्या औषधांना जोडल्यावर निम्म्या पेशंटचं आयुष्य ४.२ महिन्यांच्या जागी ६.१ महिन्यांपर्यंत गेलं. काका म्हणाले, "दोनच म्हैनं?" होय, दोनच. पण स्वादुपिंडात दोन महिने मिळवायला किती जणांनी किती वर्षं घातली असतील याचा विचार करा. २०२४ मध्ये त्याला पहिल्या टप्प्यातच बाकीच्या औषधांबरोबर द्यायची परवानगी मिळाली.

आणि कॅलिफोर्नियातले मार्क डेव्हिस. हा माणूस मुळात केमिकल इंजिनिअर, औषधांशी संबंध नाही. बायकोला स्तनाचा कॅन्सर झाला, केमोत तिचे हाल बघितले, आणि मग या कामात उतरला. स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनची साखळी केली, तिला मूळचं कॅम्प्टोथेसिन जोडलं, शेपटी-बिपटी काही नाही, तेच जुनं १९६६ चं. पाण्यात टाकलं की चार-दोन साखळ्या एकमेकींत गुंतून वीस ते पन्नास नॅनोमीटरची गोळी आपोआप बनते, औषध पोटात, कडी मिटलेली. जे १९७२ मध्ये रखडलं होतं ते सुटलं असं वाटलं. माणसांवर चाचण्या झाल्या, त्रास कमी झाला, पण ज्या चाचणीत नेहमीच्या उपचाराशी तुलना केली तिथं फायदा सिद्ध झाला नाही. ते औषध बाजारात आलेलं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त जवळची वाटते का ते सांगता येत नाही. बहुतेक आत्याला भिंत धरताना बघितलंय म्हणून.

आता अशा गोळ्या बनवायचं चाललंय ज्या आंबटपणा लागला की आपोआप सुटतील. ट्यूमर साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड टाकतो, तेच जे दह्यात असतं, त्यामुळं त्याच्या आजूबाजूचं पाणी किंचित आंबट असतं, दह्याएवढं नाही, अगदी थोडं. तेवढ्या थोड्या फरकाला नेमकी तिथंच फुटेल अशी गोळी जमवणं हे कौशल्य. कुंद्यात दही कधी आणि किती घालायचं याचा बायकोचा अंदाज तीस वर्षांचा आहे, आणि तरी एखाद्या वेळी बिघडतो.

काकांनी सगळं ऐकलं. मोळीकडं बघत म्हणाले, "मग हे परत न्हेऊ?" मी म्हटलं, कुठनं आणली? तर आत्याच्याच परड्यामागं, ओढ्याच्या काठाला दोन झाडं होती, त्यातलं एक तोडलं. आत्याला सांगितलं नव्हतं.

मोळी अजून माझ्या गोडाऊनमध्ये आहे, टाकवत नाही. आत्याला गेल्या खेपेला मी सांगून टाकलं. पंप लावून घरी आली होती, कॉटवर बसून चहात बटर बुडवत होती. ऐकून रागावली नाही. म्हणाली, "दुसऱ्याला हात लावू नको म्हणावं त्येला. आणि बाळ, पुढच्या खेपेला रक्त तपासायला कोण येणार, तू का संतू?"

मी जाणार आहे. पहाटेची पहिली बस, उपाशीपोटी नको म्हणून डब्यात दशमी.